काळ्या मातीत कोरांटी कशी लावायची, इंदूरच्या कोरड्या बागेसाठी

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे नळ दिवसाआड आणि तोही जेमतेम पाऊण तास, त्यात पिण्याचं भरायचं, वापरायचं भरायचं, मग झाडांना काय उरणार. गुलाब गेले, क्रोटनची पानं कागदासारखी कुरकुरीत झाली, जास्वंदानं कसाबसा जीव धरला. पण कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेली कोरांटी पानं जराशी मिटून आणि रंग थोडा फिका करून तशीच उभी होती, आणि नवरात्र आलं तसा तिला असा बहर आला की शेजारच्या काकू रोज सकाळी परडी घेऊन फाटकात हजर. त्यांनीच मला म्हटलं, अगं तू हे नीट लिहून का काढत नाहीस, नवीन प्लॉटवाले सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून हे लिहितेय, बायपासकडे, राऊकडे नवीन घरं बांधून पहिल्यांदाच मातीत हात घालणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याकडे कोरांटी उन्हाळ्यात पाण्यावाचून फारशी मरत नाही, ती मरते जुलै-ऑगस्टमध्ये, मुळाशी पाणी साचून. आपला माळवा म्हणजे पग पग नीर, पावलोपावली पाणी, असं आपण ऐकत आलो, आणि पाऊस पडतोही चांगला, वर्षाला साधारण ९५० ते १००० मिलिमीटर, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, बाकी आठ महिने कोरडे. म्हणजे आपली बाग ही वाळवंटासारखी कायम कोरडी नाही, ती चार महिने बुडते आणि आठ महिने तडकते. परदेशातले ड्राय गार्डनचे व्हिडिओ बघून तसंच्या तसं इथे केलं तर फसायला होतं ते यामुळे.

आधी कोणती कोरांटी ते ठरवा

कोरांटी म्हणजे एकच झाड नाही. बागेत लावायला मुख्य दोन.

पिवळी कोरांटी, हिलाच हिंदीत वज्रदंती किंवा कटसरैया म्हणतात, नर्सरीतला भैया बहुतेक बजरदंती म्हणेल. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. हिच्या पानाच्या बगलेत बारीक लांब काटे असतात आणि ते चांगलेच टोचतात, त्यामुळे पूर्वीपासून शेताच्या, वाडीच्या कुंपणाला लावायची पद्धत. फुलं केशरी झाक असलेली पिवळी. ऊन कितीही द्या, तक्रार नाही. पण घरात लहान मुलं असतील तर येण्याजाण्याच्या वाटेवर नको, मागच्या कुंपणाला लावा.

दुसरी जांभळी कोरांटी, बार्लेरिया क्रिस्टाटा. हिच्यात जांभळी, गुलाबी, पांढरी अशा जाती येतात, आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे पट्ट्यापट्ट्याची, पांढऱ्या पाकळीवर जांभळे पट्टे, जणू कुणी ब्रशनं ओढलेत. हिला बगलेत काटे नसतात, फक्त फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांना दातेरी खरखरीत कडा असते. छाटत राहिलं तर दीड-दोन फुटांत छान गोल बसते, नाही छाटलं तर तीन-चार फूट जाते आणि खालून उघडी पडते. नवीन माणसानं हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत.

परदेशी लोक हिला फिलिपाईन व्हायोलेट म्हणतात, पण ती ना फिलिपाईन्सची ना व्हायोलेटच्या घराण्यातली. ती आपली आहे, भारतापासून दक्षिण चीनपर्यंत रानात आपोआप उगवते, आणि घराणं अडुळशाचं, अबोलीचं. बार्लेरिया हे नाव जाक बारलिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरू आणि वनस्पती अभ्यासकावरून पडलंय, आणि लिनियसनं १७५३ साली या दोन्ही झाडांची नोंद केली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून वैद्यकात हिला रंगावरून नावं होती, पिवळी ती कुरंटक, पांढरी ती सैरेयक. औषध म्हणून कसं वापरायचं ते मला विचारू नका, ते वैद्यांचं काम, मी फक्त बागेचं सांगते.

अबोली आणि कोरांटीत गोंधळ करू नका. अबोली सुंदरच, पण तिला ओलावा लागतो आणि दुपारची सावली लागते, कोरड्या बागेत तिला लावून तिचे हाल करू नयेत.

नर्सरीत काय बघायचं

मी पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा मला एका नर्सरीत जांभळी कोरांटी म्हणून सहा पिशव्या दिल्या. घरी आणल्यावर दोन महिन्यांनी कळलं की ती रुएलिया आहे, अमेरिकेकडून आलेली, आणि ती इतकी पसरते की फरशीच्या फटीतसुद्धा येते, अजून माझ्या एका कोपऱ्यात डोकं वर काढते. म्हणून ओळख करून घ्या. त्या रुएलियाची पानं लांब, अरुंद, पट्टीसारखी असतात आणि फूल पातळ, तुतारीसारखं, चुरगळल्यासारखं दिसतं. कोरांटीचं पान लंबगोल, टोकाला निमुळतं, हात फिरवला तर बारीक लव जाणवते, आणि फुलाखाली ती दातेरी खरखरीत कडा हमखास असते. कडा नसेल तर घेऊ नका, भैया कितीही शपथेवर सांगो.

झाड लहान घ्या. मोठं डेरेदार झाड बघून मोह होतो पण पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या झाडाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात, अशी झाडं जमिनीत लावल्यावर वर्षभर नुसती बसून राहतात. पिशवी उचलून खाली बघा, भोकातून जाडी मुळं बाहेर आलेली दिसली तर दुसरी पिशवी मागा. वीतभर उंच, तीन-चार फांद्या असलेलं रोप पुरे.

आणि रंग हवा तोच पाहिजे असेल, खास करून पट्ट्याची, तर फूल बघूनच घ्या. पट्ट्याची जात बियांपासून तशीच येईल याची काही खात्री नसते, ती कलमानं म्हणजे फांदी लावूनच पुढे न्यायची असते, त्यामुळे विचारा की रोप बियांचं की कटिंगचं. ज्याला उत्तर देता येईल तो नर्सरीवाला चांगला.

कधी लावायची

सगळे सांगतात पावसाळ्यात लावा. मुरमाड उतारावर घर असेल तर जरूर लावा, दोन-तीन चांगले पाऊस झाले की. पण इंदूरच्या बहुतेक प्लॉटवर काळी चिकण माती आहे, आणि तिथे मी आता नवरात्र ते दिवाळी या काळातच लावते. तेव्हा मोठा पाऊस संपलेला असतो, जमिनीत ओल असते, ऊन अजून ऊबदार असतं, झाडाला फूल असतं म्हणून रंग दिसतो, आणि मे यायला सहा-सात महिने असतात तोवर मुळं खाली जातात. जुलैत लावलेल्या कोवळ्या रोपाला आधी बुडायचं असतं आणि मग जगायचं असतं, ते जास्त अवघड.

माझ्या पहिल्या खऱ्या कोरांट्या जुलैतच लावल्या होत्या, सपाट जमिनीत, वर छान खोलगट आळं करून. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी पाऊस नसेल त्या दिवशी अजून पाणी घातलं. सहातल्या चार गेल्या. उपटून बघितलं तर मुळं काळी, मऊ, कुजका वास. दोन वाचल्या त्या गेटजवळच्या, जिथे बांधकामाचा मुरम टाकलेला होता आणि जमीन थोडी उंच होती. तेव्हा मला कळलं की या झाडाला काय हवंय.

जागा

पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत जगते पण फांद्या लांबट होतात आणि फुलं कमी येतात. जांभळीला पूर्वेची बाजू उत्तम, सकाळचं ऊन मिळतं आणि मेची दुपार टळते. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते, तिथे पिवळी लावा. आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी कुठे पडतं ते लक्षात ठेवा, पन्हळीच्या खाली कोरांटी कधीच नको.

जागा ठरवली की एक साधी चाचणी करा. फूटभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा आणि बघा. चार-पाच तासांत उतरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी पण तळाला पाणी दिसलं तर तिथे सपाट लावायचीच नाही, उंचवटा करावा लागेल.

खड्डा नाही, उंचवटा

हा भाग नीट वाचा, इथेच सगळ्यांची चूक होते. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, मे महिन्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. अशा मातीत खोल खड्डा खणून त्यात रेती, खत, कोकोपीट असलं भुसभुशीत भरलं की काय होतं, तो खड्डा म्हणजे मातीचं टाकंच होतं. बाजूची माती पाणी जिरू देत नाही, पावसाचं सगळं पाणी त्या भुसभुशीत जागेत येऊन बसतं आणि झाड त्यात उभं. आपण प्रेमानं खड्डा भरतो आणि झाड बुडवतो.

त्याऐवजी असं करा. जिथे लावायची तिथली माती गेंतीनं, म्हणजे कुदळीनं, सहा-आठ इंच फक्त मोकळी करा, काढू नका. मग त्यावर उंचवटा करा, सात-आठ इंच उंच, एका झाडाला दोन-अडीच फूट रुंद, रांग लावायची असेल तर सलग लांब वरंबा. मिश्रण माझं असं, दोन तगाऱ्या तिथलीच काळी माती, एक तगारी मुरम, आणि अर्धी तगारी चाळलेलं जुनं कंपोस्ट. मुरम नसेल तर गिट्टीची जाड चुरी चालते, पण अगदी पिठासारखी बारीक चुरी घेऊ नका, ती काळ्या मातीत मिसळली की सिमेंटसारखी बसते. बारीक रेती पण नको, त्याच कारणानं.

वरंब्याला उतार द्या, पाणी घराच्या भिंतीकडे नाही तर बाहेर जाईल असा. हे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, एकदाच करायचं.

कंपोस्टवरून एक सांगायलाच हवं. जगभर कंपोस्ट करायची एक पद्धत इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, ती आपल्याच गावातली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत, म्हणजे आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन आणि ते वेळोवेळी उलटून खत करायची ही रीत बसवली, आणि त्यात इथले शेतकरी काय करतात हे बघून शिकणं मोठं होतं. घरी ओला कचरा वेगळा करतोच आपण, कोपऱ्यात एक ढीग करायला काय हरकत. फक्त कोरांटीला ते थोडंच द्यायचं, फार खत दिलं की पानं माजतात आणि फुलं रुसतात.

लावणं

रोप लावायच्या आदल्या संध्याकाळी पिशवीत पाणी घाला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावा. पिशवी ब्लेडनं उभी कापा, ओढून काढू नका, खालची गोल फिरलेली मुळं बोटांनी हळूच सोडवा. वरंब्याच्या माथ्यावर पिशवीएवढाच खड्डा करा आणि रोप असं ठेवा की पिशवीतली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर वर राहील, कारण वरंबा पुढे बसतो. खोडाभोवती माती चढवू नका. हातानं दाबा, पायानं नाही.

दोन झाडांत अंतर, दाट कडेसाठी दीड फूट, मोकळ्या झुडपांसाठी दोन ते अडीच फूट. पहिल्या वर्षी विरळ दिसतं आणि मधे अजून लावावंसं वाटतं, लावू नका, दुसऱ्या दिवाळीला सगळं भरून जातं.

लगेच अर्धी बादली पाणी, सावकाश, मग दोन-तीन इंच पालापाचोळ्याचा थर. कडुनिंबाचा, आंब्याचा, कुठलाही चालतो, फक्त खोडापासून चार बोटं दूर ठेवा. या थरामुळे भेगा कमी पडतात आणि पाणी निम्म्यानं वाचतं असा माझा अनुभव आहे.

पाणी

पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी. मग थंडीत आठ-दहा दिवसांनी एकदा, अर्धी बादली. पहिल्या उन्हाळ्यात मात्र लाड करा, चार-पाच दिवसांनी भरपूर, पहाटे किंवा रात्री. दुसऱ्या उन्हाळ्यापासून दहा-पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, त्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि मग तुम्ही चार दिवस गावाला गेलात की झाड गेलं. बोट दोन पेर मातीत घाला, गार लागलं तर पाणी नको. नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटरवरून चढ चढवून पंपानं आपल्यापर्यंत येतं, ते अशा झाडाला रोज ओतायचं नसतं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. साबणाचं, भांड्यांचं नको.

दुपारी पानं मिटलेली दिसली तर घाबरू नका, सकाळी सात वाजता बघा. सकाळी पण मान टाकलेली असेल तरच पाणी. पावसाळ्यात तर पाणी अजिबातच नाही, फक्त बाजूला डबकं होतंय का ते बघत राहायचं, झालं तर खुरपीनं चर काढून पाणी काढून द्यायचं.

छाटणी

लोक छाटायला घाबरतात, आणि म्हणून कोरांटी उंच, खालून लाकडी आणि फक्त शेंड्याला पान अशी होते. हिला फुलं नव्या फांद्यांवर येतात. जांभळीचा बहर साधारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, पिवळीचा त्यापुढेही चालतो. बहर संपला, जानेवारीची कडाक्याची थंडी ओसरली, की फेब्रुवारीत, वसंत पंचमीच्या आसपास, सिकेटरनं, म्हणजे झाडं छाटायच्या कात्रीनं, सगळं झाड निम्म्यावर आणा. अगदी निम्म्यावर. दोन-तीन आठवडे ओकंबोकं दिसतं, मग खालून फुटतं.

दुसरी हलकी छाटणी जूनच्या शेवटी, पहिले पाऊस झाले की, फक्त शेंडे बोटभर खुडायचे. प्रत्येक खुडलेल्या शेंड्याला दोन नवे फुटतात, आणि तेच दोन शेंडे नवरात्रात फुलतात. ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही, कळ्याच कापल्या जातात. पिवळी छाटताना जाड हातमोजे घाला आणि कापलेले काटे लगेच उचला, अनवाणी पायाला फार लागतात.

थंडीत एखाद्या रात्री पारा पाच-सहावर गेला की पानं थोडी जांभळट, मलूल होतात. काही करायचं नाही, होळीपर्यंत आपोआप सुधारतात.

कीड

फारशी येत नाही. एप्रिल-मेमध्ये धुळीनं पानांखाली लाल कोळी होतात, पानं ठिपक्याठिपक्यांची दिसतात, पाइपानं पानांच्या खालून जोरात पाणी मारलं की जातात. पांढऱ्या कापसासारखा मिलीबग दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा.

पण पानं कुरतडलेली दिसली आणि काळपट काटेरी सुरवंट दिसले तर कृपा करून फवारू नका. लेमन पॅन्सी नावाचं फुलपाखरू कोरांटीवर अंडी घालतं, तपकिरी पंखांवर पिवळट ठिपके आणि डोळ्यासारखी नक्षी असलेलं. पानं परत येतात. इथलं झाड लावण्यातला माझा सगळ्यात मोठा आनंद हाच आहे, की इथले जीव त्याला ओळखतात. पिवळी कोरांटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे तण होऊन बसलीय, तेच झाड इथे कुणाचं तरी घर आहे.

पुढच्या रोपांसाठी

बोंडं तपकिरी झाली की सुकून फट्कन फुटतात आणि बिया लांब उडतात, त्यामुळे बिया हव्या असतील तर आधीच त्यावर मलमलीचं फडकं सैल बांधून ठेवा. पट्ट्याची हवी असेल तर कटिंगच. जूनच्या त्या हलक्या छाटणीच्या वेळी फार कोवळी नाही आणि फार लाकडीही नाही अशी फांदी निवडा, वीतभर, तीन-चार पेरांची, खालची पानं काढा, पेराच्या जरा खाली तिरका काप घ्या आणि माती-चुरी निम्मी निम्मी भरलेल्या पिशवीत दोन पेरं आत जातील अशी खोचा. सावलीत ठेवा, माती ओलसर पण चिखल नाही. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, हाताला अडल्यासारखं वाटलं की मुळं धरली. सगळी धरत नाहीत, म्हणून सहा हवी असतील तर दहा खोचा. ही रोपं नवरात्रात जमिनीत लावण्याएवढी होतात. आमच्या काकूंनी यंदा बारा पिशव्या भरल्यात, आठ त्यांच्या लेकीच्या नव्या घरच्या कुंपणासाठी आणि बाकीच्या जो आधी मागेल त्याला.